मोडीत न गेलेलं

जुन्या बाजारातल्या दागिन्यांच्या ढिगात खरं सोनं सापडतं का, असं विचारणाऱ्याला मी आधी त्या ढिगाचा प्रवास सांगते. घरातली म्हातारी जाते, तिची पेटी उघडली जाते. लेकीसुना मिळून खरं-खोटं वेगळं करतात आणि चौघींत एकीची नजर तरी पक्की असतेच. उरलंसुरलं पोरींच्या भातुकलीत जातं, शाळेच्या गॅदरिंगला जातं, काही वर्षांनी जुन्या साड्यांबरोबर बोहारणीच्या गाठोड्यात पडतं. बोहारीण आपल्यापुरतं बघून घेते. तिच्याकडून किलोवर उचलणारा माणूस सगळ्यावरून लोहचुंबक फिरवतो, पांढरं काही दिसलं तर बाजूला टाकतो. मग पुण्याच्या मंगळवार पेठेत, रविवारी नाहीतर बुधवारी, तो ढीग ताडपत्रीवर ओतला जातो. तिथंही उजाडता उजाडता हजर होणारी नेहमीची मंडळी असतात; नाणीवाले, मूर्तीवाले, चांदीवाले. त्यांचे हात फिरून झाले की आपण पोचतो, घरून नाश्ता वगैरे आटोपून.

इतक्या जणांनी पाहून टाकलेल्या मालात सोन्यासारखं दिसणारं सोनं राहील कसं? राहिलंच तर ते पितळेसारखं दिसणारं सोनं असतं, लोखंडासारखी दिसणारी चांदी असते, प्लॅस्टिकसारखे दिसणारे मोती असतात. म्हणून ढिगात हात घालताना दागिन्यांचं ज्ञान जेवढं लागतं, तेवढंच आधी येऊन गेलेल्यांच्या नजरेचंही लागतं. त्यांनी हे का टाकलं असेल, हे कळलं की निम्मं काम झालं.

एरवी ढिगात काय असतं म्हणाल, तर बेंटेक्सच्या बांगड्या असतात, रंग उडालेल्या. कुठल्याशा मालिकेतल्या नायिकेचं मंगळसूत्र, तिची लाट ओसरल्यावर किलोनं आलेलं. गौरींचे दागिने असतात. मुखवट्याच्या मापाची इवलीशी नथ, पितळी कंबरपट्टा. घड्याळांचे पट्टे, एनसीसीचे बिल्ले, एकेकटी कानातली. एकेकट्या कानातल्यांवर खरं म्हणजे वेगळा लेख होईल. जोडीतलं एक हरवलं की बायका दुसरं टाकत नाहीत, आज ना उद्या सापडेल म्हणून जपून ठेवतात, आणि मग त्यांच्यामागून ते थेट ताडपत्रीवर येतं.

माझी नेहमीची एक विक्रेती आहे. तिच्याकडे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यांत माल असतो.

“मावशी, हा डबा कसा?”

“सुटं घ्याल तर वीसला एक. डबा घेतला तर चारशे. पण ताई, डबा बघून घ्यायचा, निवडून नाही.”

हा नियम मला फार आवडतो. झाकण उघडायचं, वरून पाहायचं, बोटानं थोडं हलवायचं, पण उपसायचं नाही. तेवढ्यात काय दिसेल ते दिसेल.

माझ्याकडची हत्यारं साधी आहेत. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग, दोऱ्याला बांधलेलं चुंबक, मोबाइलचा दिवा. चुंबकावर नवशिक्यांचा फार भरवसा असतो आणि तो दोन्हीकडून फसतो. पितळ, तांबं, शिसं, जस्त यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा चिकटलं नाही म्हणून ते सोनं ठरत नाही. उलट अस्सल सोन्याच्या साखळीचा फासा पटकन चिकटतो, कारण फाशाच्या आतली स्प्रिंग पोलादाची असते. फासा चिकटला म्हणून अख्खी साखळी लोखंडात फेकणारे लोक मी पाहिले आहेत. आपल्याला तेच हवे असतात!

भिंग जास्त कामाचं. मुलाम्याचा दागिना नवा असताना काही सांगत नाही. तो बोलायला लागतो झिजल्यावर. त्यामुळे दागिन्याचा दर्शनी भाग पाहायचाच नाही. साखळीच्या कड्या जिथं एकमेकींना घासतात ती जागा पाहायची, बांगडीची आतली कड पाहायची, अंगठीची तळव्याकडची बाजू, कानातल्याची दांडी. भिंतीचा रंग उडून आतला गिलावा दिसावा तसा तिथं खालचा धातू डोकावतो: तांबूस, नाहीतर करडा. आणि झिजलेल्या जागीही वरचाच रंग आतवर तसाच असेल, तर थांबायचं आणि चेहरा शक्य तितका कंटाळलेला ठेवायचा.

चांदी ओळखायला तर काळेपणच उपयोगी पडतं. हवेतल्या गंधकानं चांदी काळी पडते हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. वाळे, तोरड्या, जोडवी वर्षानुवर्षं पेटीत राहिली की लोखंडाच्या कड्यांसारखी दिसतात. याउलट पांढरीशुभ्र, चकचकीत असेल ती बहुतेक जर्मन सिल्व्हर. तांबं, जस्त आणि निकेल यांच्या त्या मिश्रणात चांदीचा कणही नसतो. शंका असली तर सोनार नायट्रिक आम्लाचा थेंब टाकतात. जर्मन सिल्व्हरवर हिरवा फेस येतो. चांदी असेल तर त्या थेंबात मिठाचं पाणी घातलं की पांढरा साका बसतो.

कडी डाकलेले रुपये हा आणखी एक प्रकार. खेड्यापाड्यांत बायका रुपयांच्या माळा घालत, त्या तुटल्यावर एकेक रुपया असा सुटा फिरत येतो. इथं आम्लाची गरज नसते, साल वाचलं की पुरे. ब्रिटिश अमलातला १९३९ पर्यंतचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. महायुद्ध पेटलं, चांदी पुरेनाशी झाली आणि १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. १९४७ चा रुपया तर नुसता निकेलचा. म्हणजे शेजारी शेजारी ओवलेल्या दोन रुपयांत दुपटीच्या आसपास फरक, आणि घालणारीला त्याचा पत्ता नाही. अर्थात आता बाजारात जुन्या रुपयांच्या नकला रग्गड आहेत. त्या वजनाला मार खातात. कडीचं वजन वगळून तोळा भरला नाही तर ठेवून द्यावा.

मोत्यांच्या बाबतीत मात्र मला वाईट वाटतं. आजीच्या नथीतले, कुडीतले मोती बहुधा बसऱ्याचे. इराणच्या आखातातले, मुंबईच्या बाजारातून आलेले. जपानमध्ये मिकिमोतोनं १८९३ मध्ये पहिल्यांदा मोती पिकवून दाखवला, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जपानी मोती जगभर पोचले, मग मंदी आली, आखातात तेल सापडलं आणि पाणबुड्यांचा तो धंदा बसला. आज नथीत येतात ते मोती गोल, एकसारखे, दुधासारखे पांढरे. त्या सवयीच्या डोळ्यांना जुने बसरा मोती कसेसेच दिसतात: बारके, वेडेवाकडे, पिवळट, घामानं पाणी उतरलेले. ते सर्रास प्लॅस्टिकमध्ये जातात. त्यांना ओळखायचं भोकावरून. प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या मोत्याचं भोक रुंद, आणि त्याच्या कडेनं वरचा लेप सुटलेला. खऱ्या मोत्याचं भोक सुईच्या अग्राएवढं, कारण मोती वजनावर विकला जायचा आणि भोकातून जाणारा प्रत्येक कण म्हणजे पैसे. मोती दातांवर घासून पाहा, रवाळ लागला तर खरा, असं जुने लोक सांगतात. जुन्या बाजारातली वस्तू दाताला लावण्याचं धाडस माझ्यात नाही. दोन मोती एकमेकांवर हलकेच फिरवले तरी ती खरखर बोटांना कळते. खरा असला तरी पिकवलेला की आपोआप झालेला, हे प्रयोगशाळेतल्या क्ष-किरणांनाच विचारावं लागतं.

नजर सवयीची गुलाम असते, हे हिऱ्यालाही सुटलेलं नाही. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात एका बाईंनी मोटारीच्या डिकीतून जुना माल विकतात तशा बाजारातून दहा पौंडांना एक अंगठी घेतली. खडा एवढा मोठा आणि एवढा मंद की खोटाच असणार, या समजुतीनं त्या ती वर्षानुवर्षं घरकामातही बोटात घालत होत्या. खडा निघाला २६ कॅरेटचा हिरा. एकोणिसाव्या शतकातले पैलू आजच्यासारखे लखलखत नाहीत, एवढंच. २०१७ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात तो ६,५६,७५० पौंडांना गेला. ही गोष्ट जुन्या बाजारात कुणाला सांगू नये. भाव वाढतात.

माझ्या हाती लागलेली सर्वांत बोलकी वस्तू हिऱ्याइतकी दिमाखदार नव्हती. नेहरू शर्टाला लावायची, बारीक साखळीनं जोडलेली तीन बटणं. चौथ्याची नुसती कडी शिल्लक. रंग तांबूस, मळकट, साखळी जवळजवळ काळपट. पाहणाऱ्या कुणीही पितळच म्हणावं. पण कापडाच्या काजात वर्षानुवर्षं घासून बटणांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या आणि तिथंही दुसरा रंग नव्हता. मी डबा घेतला.

घरी आल्यावर करायची परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात वस्तूला ओरखडासुद्धा उठत नाही. ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा खिशातला काटा लागतो, एक पेलाभर पाणी आणि शिवणाचा दोरा. आधी बटणं कोरडी तोलली: ५.२० ग्रॅम. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्यानं बटणं पाण्यात सोडली, तळाला न टेकवता, कडेला न लागता. साखळीत बुडबुडे अडकतात म्हणून आधी साबणाच्या पाण्यात घुसळून घ्यावी. काट्यानं दाखवलं ०.४० ग्रॅम, म्हणजे बटणांनी तेवढं पाणी सारलं. ५.२० ला ०.४० नं भागलं की १३. पितळेचा आकडा साडेआठच्या आसपास येतो, चांदीचा साडेदहा, शिशाचा ११.३, बावीस कॅरेट सोन्याचा साडेसतराच्या पुढं. तेरा हा आकडा या कुठल्याच खणात बसत नव्हता. तेराला बसतं ते चौदा कॅरेट सोनं. (खड्यांच्या किंवा लाख भरलेल्या दागिन्यांना ही युक्ती लागू पडत नाही. लाख हलकी असते, सगळं गणित बिघडवते.)

पण आपल्याकडे चौदा कॅरेट कोण घालतं? बावीसच्या खाली सोनं म्हणजे नाक मुरडायची पद्धत. नेहमीच्या सराफांकडे गेले. सोन्या मारुती चौकाच्या अलीकडं त्यांचं लहानसं दुकान आहे, आणि शेजारी गुळगुळीत काचेची मोठमोठी दालनं उभी राहिली तरी त्यांच्या गल्ल्यात अजून कसोटीचा काळा दगड आहे. त्यांनी बटणाची कड दगडावर ओढली, पिवळी रेघ उठली. शेजारी ठाऊक कसाच्या सळयांनी दोन रेघा ओढल्या. तिन्हींवरून आम्लाची काडी फिरवली. पितळेची रेघ असती तर तिथल्या तिथं उकळून नाहीशी झाली असती. ही फिकी झाली, पण राहिली, बरोबर शेजारच्या एका रेघेइतकी.

“चौदाचं आहे,” काका म्हणाले. मग बटण उलटं करून पाहिलं. “मोरारजींचं.”

चीनचं युद्ध झालं, परकीय चलनाची चणचण होती, सोन्याची चोरटी आयात फोफावलेली. अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. नवा दागिना करायचा तर चौदा कॅरेटच्या वर नाही. हेतू असा की सोन्याची हौसच कमी व्हावी. हौस कमी झाली नाही, सोनारांच्या भट्ट्या तेवढ्या विझल्या. बावीस कॅरेटच्या मऊ सोन्यावर आयुष्य गेलेले कारागीर त्या कडक, तांबूस धातूपुढं हतबल झाले. देशभर सोनारांचे मोर्चे निघाले, अनेक घरं उघड्यावर आली, आत्महत्याही झाल्या. काकांच्या वडिलांनी त्या काळात घड्याळं दुरुस्त करून घर चालवलं. चौदाची अट काही वर्षांतच मागे घ्यावी लागली. १९६८ मध्ये आलेला सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला.

त्या मधल्या काळात ज्यांची लग्नं झाली त्यांच्या वाट्याला हे सोनं आलं. कायदा पाळून केलेलं, पावतीसकट अस्सल, आणि तरीही घरात कुणी खरं न मानलेलं. सासरी ते पितळेसारखं दिसलं, नातवंडांना पितळच वाटलं. एक बटण हरवायचा अवकाश, उरलेली तीन बोहारणीकडे.

मावशींना सांगावं की नाही, यावर मी बराच विचार केला. डबा चारशेला घेतला होता आणि आत तीन ग्रॅम शुद्ध सोन्याचा ऐवज. सांगितलं एकदा. तिनं तोंडातली मशेरी थुंकली आणि म्हणाली, “ताई, डबा दिला तेव्हाच तो तुमचा झाला. काही निघालं नसतं तर पैसे परत मागायला आला असतात का?” मी काही वस्तू तिच्यासमोर ठेवायला गेले तर तिनं हातानंच नको म्हटलं. तेव्हापासून माझ्यासाठी डबा सहाशेला झाला. इतरांना अजून चारशेच.

सराफांच्या दगडावर राहिलेली ती रेघ माझ्या डोक्यातून गेली नाही. तिच्यात बटणाचा अंश होता. कितीही थोडा म्हटला तरी गेलेला. नव्या दुकानांतली मशिनं क्ष-किरणांनी क्षणात टंच सांगतात, वस्तूला धक्काही लागत नाही. पण त्यांना दिसतो तो वरचा पापुद्रा. पूर्वी तांब्याच्या गाभ्यावर सोन्याचा जाड पत्रा चढवून पाटल्या करत. मशीन त्यांना खुशाल बावीस कॅरेट म्हणतं, दगडही तेच म्हणतो. खात्री हवी असेल तर कानशीनं खाच पाडावी लागते, आणि त्याहून पक्की खात्री हवी असेल तर वितळवावंच लागतं. दागिना जेवढा कमी उरेल तेवढं त्याच्याविषयी नक्की सांगता येतं, असा हा धंदा आहे.

वितळवण्याचं काम करणारी माणसं बहुतेक आपलीच. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून गलाईवाले पिढ्यान्पिढ्या देशभर गेलेत. केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरावं आणि मराठी ऐकू यावं, ती ही मंडळी. खोली अंधारी, भट्टीचा घुमणारा आवाज, आम्लाची नाकात जाणारी वाफ, कोपऱ्यात मुशींची उतरंड. त्यांची परीक्षा सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत निष्ठुर. सोन्यात तिप्पट चांदी घालून रस करायचा, पत्रा काढून तो नायट्रिक आम्लात उकळायचा. चांदी-तांबं विरघळून जातं, तळाशी तपकिरी भुकटी राहते. ती धुऊन पुन्हा मुशीत घातली की चोख सोनं. असल्या एका खोलीत मी तासभर बसून होते. गिऱ्हाईक येत होतं, पुडी सोडत होतं. आत कुणाचं डोरलं, कुणाची तुटकी बाळी, एक फार सुबक वेल. गलाईवाल्यानं काट्यावर वजन केलं आणि विचारलं, “ओतू?” मान हलली. वेल मुशीत गेली. खाली वाकून पाहण्याची त्याची रीत नव्हती आणि सवड तर नव्हतीच. दिवसभरात जेवढ्या वस्तू येतात तेवढ्या सगळ्या न्याहाळायला लागला तर त्याच्या हातून काम होणार नाही, हेही मला तिथं बसल्यावर पटलं.

गल्लीत परत येताना झारेकरी दिसायचे पूर्वी, सोनारांच्या दारातली माती झाडून, धुऊन तिच्यातले कण वेचणारे. सोन्याचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही, अशी ही सगळी व्यवस्था. आणि ती इतकी चोख चालते की तिच्यातून दागिना असा काही उरतच नाही. आपल्याकडे सोनं मोडतात. मुलीच्या लग्नात आईच्या पाटल्या मोडून बांगड्या करतात, नातीच्या लग्नात बांगड्या मोडून आणखी काही. “मोड” ही सराफाच्या पावतीवरची साधी नोंद आहे: घट वजा, लाख वजा, डाक वजा, बाकी रुपये इतके. घडणावळीला काडीची किंमत नाही. पणजीचा चपलाहार आज कुठं आहे म्हणून विचाराल, तर तो घरातच आहे. तीन वेळा रस होऊन, कुणाच्या तरी गळ्यात.

त्या डब्यात बटणांबरोबरच एक बोरमाळ होती, नखशिखांत पितळेची. चुंबक नको, आम्ल नको, डोळ्यांनीच कळत होतं. पण मणी पाहत बसावेत असे. आजच्या बोरमाळेचे मणी गुळगुळीत, अंगठ्याच्या एका दाबानं चेपतील असे पोकळ. हे टपोरे, दोन वाट्या जोडून केलेले, सांध्यावर बारीक दाण्यांची रांग, आणि टोकाशी, दोरा आत शिरतो तिथं, सहा पाकळ्या. मागच्या बाजूचे मणी मानेच्या घामानं आणि केसांनी इतके झिजलेले की पाकळ्या जाऊन नुसती चकती उरलेली. पुढच्यांवर पाकळ्या शाबूत. रोज, वर्षानुवर्षं वापरल्याशिवाय पितळ असं झिजत नाही. जिची माळ तिला ती पितळेची आहे हे पक्कं ठाऊक असणार. ठाऊक असूनच तिनं ती अंगावर झिजवली.

सोन्याचा पत्रा ज्या ठशात ठोकायचे त्याच ठशात गरीब गिऱ्हाइकासाठी पितळेचा ठोकून द्यायचे, असं सराफकाका सांगतात. म्हणजे या माळेची सोन्यातली बहीण कुणा श्रीमंत घरात होती. ती केव्हाच मोडली गेली. पितळेला मोड नाही, म्हणून ही राहिली. जुन्या घडणीचा नमुना पाहायचा तर तो गरिबाच्या खोट्या दागिन्यातच शोधावा लागतो, हे कळल्यापासून मी डब्यातल्या पिवळ्या वस्तूंकडे वेगळं पाहायला लागले. राजा केळकर संग्रहालयात गेलेल्यांना हे नवं नाही. दिनकर गंगाधर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या असल्या घरगुती वस्तू जन्मभर गोळा केल्या त्या बहुतेक पितळ, तांबं, लाकूड यांच्या. सोन्याचांदीच्या असत्या तर गोळा करायला कुणी शिल्लक ठेवल्या असत्या का, शंकाच आहे.

बटणं मी मोडली नाहीत. बोरमाळ मात्र मध्यंतरी पिशवीत होती, दुसऱ्याच कामासाठी दुकानात गेले होते आणि काकांना सहज दाखवली. त्यांनी दगडाकडे हातसुद्धा नेला नाही. “पितळ,” म्हणाले, आणि परत देता देता थांबले. भिंग डोळ्याला लावलं. मुलाला हाक मारली, मग मागच्या खोलीतल्या कारागिराला. तिघं मिळून एक मणी दिव्याखाली फिरवत राहिले. एका गिऱ्हाइकाला जुन्या घडणीची बोरमाळ हवी होती, फोटोवरून हे दाणे जमत नव्हते.

“चार दिवस ठेवून जाल? ठसा घेतो.”

“पावती द्या.”

“पितळेची?”

“हो. वजनासकट.”

मुलगा हसला, पण काकांनी पावतीपुस्तक ओढलं. काट्यावर माळ ठेवून वजन लिहिलं, नग एक लिहिलं, कसाच्या रकान्यात ‘पितळ’ लिहिलं. दराच्या रकान्यापाशी पेन अडलं. माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलले नाही, तेव्हा तो तसाच ठेवून खाली सही केली.

“वेळेवर न्या मात्र,” ते म्हणाले. “सोनाराच्या काचेत पितळ फार दिवस दिसलं की लोक भलतंच समजतात.”